रत्नागिरीत पाच दिवस, समुद्राच्या वेळापत्रकाने (नाशिकहून)

पाथर्डीफाटा

गेल्या महिन्यात मी, बायको आणि आई असे तिघं रत्नागिरीला जाऊन आलो. इथे बऱ्याच जणांनी आधी माहिती दिली होती, म्हणून हा वृत्तांत. लांबला आहे, चहा घेऊन बसा.

आईचं सगळं आयुष्य पंचवटीत गेलं. तिच्यासाठी पाणी म्हणजे गंगा. (बाहेरगावच्यांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणजे भाजी घेऊन येते.) चौऱ्याहत्तर वर्षांत समुद्र तिने एकदाच पाहिलेला, तोही गिरगाव चौपाटीला, भेळ संपेपर्यंत. दिवाळीत म्हणाली, "मला समुद्र बघायचा नाहीये रे. त्याच्याजवळ बसायचंय."

मागे दोनदा आम्ही कोकण ‘केलं’ होतं. पहाटे चारला गाडी काढायची, दिवसाला सहा ठिकाणं, देवळापुढे पाच मिनिटं, पुळणीवर पंधरा, आणि रात्री खोलीवर पडल्यावर कुठलं देऊळ कुठल्या गावचं यावर वाद. यावेळी ठरवलं, स्वतःची गाडी न्यायची नाही, खोली बदलायची नाही, मुक्काम रिसॉर्टात नाही तर गावात.

मंगला एक्सप्रेस नाशिकरोडला पहाटेच्या अंधारात घेते आणि दुपारी रत्नागिरीत सोडते. आईला बसून राहायचं होतं, त्याची सुरुवात गाडीतच झाली. स्टेशन गावाबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे, रिक्षा मिळतात. खोली ‘सी व्ह्यू’ म्हणून घेतलेली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. टाकीवरून मान वाकडी केली की एक निळी रेघ. जाऊ दे.

सामान टाकलं आणि चार वाजता अधाशासारखे मांडवीला गेलो. तर चालायला जागाच नाही. पाणी पार वर आलेलं, वाळूची चिंचोळी पट्टी उरलेली, तीही उतरती नि भिजकी. आईचे गुडघे असे की सपाट जागा हवी. ती बिचारी कठड्यावर बसली. शेजारी एक आजोबा जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी आमच्याकडे बघून एकच प्रश्न विचारला, "आज तिथी काय?"

आई म्हणाली, "संकष्टी." तिचा उपास होता, तिला पक्कं ठाऊक.

"म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती भरली. आता सुकती, म्हणजे ओहोटी, रात्री नऊला. तुम्ही नऊला या."

आम्ही खोलीवर गेलो. चंद्रोदय झाला, आईने नैवेद्य दाखवून उपास सोडला आणि शाल गुंडाळून पुन्हा मांडवीला. समुद्र निघून गेला होता हो! जिथे पाणी होतं तिथे रुंद, सपाट, काळी वाळू, ओली असल्यामुळे आरशासारखी, आणि त्यात नुकताच वर आलेला चंद्र. आई माझा हात धरून पाऊण तास चालली. नाशिकला सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या झाल्या की दमते.

चालता चालता म्हणाली, "म्हणजे चंद्र उगवायच्या सुमाराला पाणी मागे असतं, असंच ना?" मला तेव्हा काही सांगता आलं नाही. नंतरच्या रात्रींना तिने हेच तपासलं. चंद्र उशिरा, तर ओहोटीही उशिरा.

मग पुढचे दिवस आम्ही त्या पाऊणपटीवर चाललो. पंचमीला ओहोटी सकाळी पावणेदहाच्या आसपास, षष्ठीला साडेदहा, सप्तमीला सव्वाअकरा. सकाळी निवांत घावन-चटणी खायची, आठ-साडेआठला पुळणीवर पोचायचं आणि मागे जाणाऱ्या पाण्याबरोबर आपणही पुढे पुढे सरकायचं. दुपारी झोप. संध्याकाळी पाणी वर असतं तेव्हा चालायचं नाही, उंचावर जाऊन बसायचं: थिबा पॉइंट, नाहीतर रत्नदुर्ग किल्ला.

सगळ्यांत जास्त वेळ भाट्याला गेला. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की डाव्या हाताला वाट पावसकडे जाते आणि उजव्या हाताला सुरूचं बन. बनात सावली, सुयांची गादी, आणि पलीकडे लांबलचक सपाट पुळण. पाणी मागे गेलं की वाळूवर हजारो बारीक गोळ्या दिसायला लागतात, मोहरीपासून वाटाण्याएवढ्या, मधल्या भोकाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. इवलेसे खेकडे वाळू चाळून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. आईने बसकण मारली आणि एकाच खेकड्याचं काम तासभर पाहिलं. "ठिपक्यांची रांगोळी काढतोय मेला," एवढंच म्हणाली. मी मोबाइल काढला तर म्हणाली, सावली पडते तुझी, तो आत जातो. खरंच जातो.

थिबा राजवाडाही पाहिला. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि पुढच्याच वर्षी इथे आणून ठेवलं. जांभ्या दगडाचा हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये आणि राजा गेला १९१६ मध्ये. म्हणजे तीस वर्षं इथे, त्यातली या वाड्यात सहाच. आई पायऱ्यांवर बसून राहिली. बायकोने विचारलं, आत नाही का यायचं? तर म्हणाली, "तो तीस वर्षं बसला. मला दहा मिनिटं बसू दे."

गणपतीपुळ्याला एक दिवस जाऊन आलो. देवदर्शन झालं, गर्दी होती, मोदक चांगले होते. त्याबद्दल एवढंच.

फोटो फारसे नाहीत, त्याबद्दल क्षमस्व. प्रश्न असतील तर विचारा.


सह्याद्रीवेडा

छान लिहिलंय, पण पाच दिवस एका गावात म्हणजे चैनच आहे राव. आम्ही डिसेंबरात तीन दिवसांत गुहागर, गणपतीपुळे, पावस, विजयदुर्ग, मालवण केलं. नाशिकहून एवढं लांब जायचं आणि खेकडे बघत बसायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. सुट्ट्या मोजून मिळतात.


मांडवीकर_सिडकोत

धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं, खाडीचं. बावीस वर्षं सिडकोत राहतोय, पण मूळ घर मांडवीजवळ. तुम्ही ज्या काळ्या वाळूवर चाललात ती इल्मेनाइटची, त्या खनिजामुळे ती काळी. आमच्याकडे त्या बाजूला काळा समुद्र म्हणतात आणि किल्ल्याच्या पलीकडे, मिऱ्याच्या अंगाला, पांढरा समुद्र. तिथली वाळू खरोखर फिकी. मधे रत्नदुर्ग पाण्यात घुसलेला. किल्ल्यावर भगवतीच्या देवळापाशी उभं राहिलात तर एकाच जागेवरून दोन्ही रंग दिसतात. लहानपणी आम्हाला वाटायचं की हे दोन वेगळे समुद्र आहेत आणि देवीने मधे भांडण सोडवायला किल्ला घातलाय.

तुमचं एक चुकलं. मिरकरवाडा बंदर तुम्ही सोडलंत. सकाळी होड्या लागतात, लिलाव होतो, ओरडाआरडा, बर्फ, मांजरी. वास सहन होत नसेल तर लांबून बघा, पण बघा. मासे खाणाऱ्यांनी १ जून ते ३१ जुलै मात्र जाऊ नये. त्या काळात यांत्रिक होड्यांना बंदी असते, ताटात येतं ते बर्फातलं. नारळी पौर्णिमेनंतर मजा.

@सह्याद्रीवेडा, तुम्ही आमच्या घरावरून ताशी ऐंशीने गेलात, हात केला होता, दिसला का?


सह्याद्रीवेडा

@मांडवीकर_सिडकोत, हात दिसला असता, पण मी चालवत होतो. मागे पोरं उलट्या करत होती.


गणिताचेमास्तर

त्या आजोबांचा नियम आमच्या आजोळीही होता, म्हणून थोडं विस्ताराने.

तिथीचा आकडा घ्या (दोन्ही पक्षांत १ ते १५, अमावास्याही १५), त्याची पाऊणपट करा. आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात आणि प्रत्येक भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते. काकूंनी जे ताडलं ते बरोबर आहे. आपल्या या किनाऱ्यावर चंद्र क्षितिजाजवळ असताना पाणी ओसरलेलं असतं आणि डोक्यावर येण्याच्या सुमारास भरलेलं. पण हे सगळीकडे लागू नाही, प्रत्येक किनाऱ्याचं गणित वेगळं.

आता मर्यादा. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे एकदम दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही. तिथे अंदाज बांधून मधली वेळ धरा. अष्टमीच्या आसपासही हिशेब बराच ढिला पडतो. गावागावालाही फरक आहे, मुंबईकडे सरकावं तशी भरती उशिरा येते. चालायला जाण्यापुरतं हे पुरेसं आहे. खडकांतून पलीकडे जायचं असेल किंवा होडी काढायची असेल तर छापील तक्ता बघा, नाहीतर कोळ्यांना विचारा.

निवांत जाणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट: अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप मागेही जातं. त्या दिवशी ओहोटी पहाटे पाच-साडेपाच आणि संध्याकाळी पाच-साडेपाच. म्हणजे सूर्यास्ताला पुळण सर्वांत रुंद. अष्टमीला उलट. भांगाची भरती, फरक कमी, आणि ओहोटी भर दुपारी बाराला. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्याने अष्टमी निवडू नये. आमच्याकडे मुलीच्या शाळेची सुट्टी बघून तिकीट काढतात. मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघतो.


अन्नपूर्णा_कॉलेजरोड

मास्तर, हे छापून फ्रिजला लावलंय.

माझा प्रश्न साधा आहे. आम्ही शाकाहारी. सासऱ्यांना कांदा-लसूणही चालत नाही. पाच दिवस काय खायचं? गणपतीपुळ्याला थाळी मिळते हे माहीत आहे, पण गावात?


मांडवीकर_सिडकोत

@अन्नपूर्णा_कॉलेजरोड, रत्नागिरीत शाकाहाऱ्यांची उपासमार होते हा देशावरचा गैरसमज. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. डाळिंब्यांची उसळ, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, आंबोळी, सोलकढी. कांदा-लसूण नको म्हणून सांगितलंत तर नारळ जरा जास्त घालतात, बास. उकडीचे मोदक मात्र ऐनवेळी मागू नका. उकड काढावी लागते, हॉटेलात तयार असतात ते सकाळचे असतात.

सोलकढीतही लसूण असतो बऱ्याच ठिकाणी, तेवढं विचारून घ्या.


पाथर्डीफाटा

आमच्या खानावळीच्या काकूंनी आईला तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात बोलावलं. आईने त्यांना आपलं काळ्या मसाल्याचं वांगं करून दाखवलं, त्यांनी तिला तिरफळ घातलेली आमटी. आता घरी तिरफळाची पुडी आहे आणि ती कशात घालायची यावर रोज चर्चा.

@सह्याद्रीवेडा, तुमचं म्हणणं मला पटतं, गंमत नाही. मीही तसाच फिरलोय. चाळीस किल्ले बघायचे असतील तर तसंच फिरावं लागतं. पण मागच्या दोन सहलींतलं मला आठवतं ते फक्त पेट्रोल पंप आणि एका ढाब्याचा तुटलेला नळ.


नांदूरचा_पाणकावळा

पक्ष्यांबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून मी. नांदूरमध्यमेश्वरला (२०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते, आपल्याच निफाड तालुक्यात) जाऊन जाऊन आमचे डोळे बदकांना सरावलेले. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. समुद्रावर पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीच ओळखू येईना. नाशिककर पक्षीप्रेमींनी थंडीत एकदा तरी भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उभं राहावं. नदी आणि समुद्र भेटतात तिथे वाळूचे दांडे उघडे पडतात आणि त्यावर कुरव, सुरय, चिखले पक्षी, समुद्र बगळे. ब्राह्मणी घारी तर मिरकरवाड्याला चिमण्यांसारख्या. नशिबात असेल तर समुद्री गरुडही.

भरती चढू लागली की दांडे बुडायला लागतात आणि सगळा थवा हळूहळू तुमच्याकडे सरकतो. तुम्ही हलायचं नाही. ज्याने पाठलाग केला त्याला फक्त शेपट्यांचे फोटो मिळतात. (माझ्याकडे चारशे आहेत.)


सातपूरचा_वेल्डर

सगळं गोड गोड चाललंय, त्यात थोडं मीठ घालतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही कंपनीतले नऊ जण एका किनाऱ्यावर गेलो होतो. नाव लिहीत नाही, किनाऱ्याचा दोष नाही. आमच्यातला एक जण गंगापूर धरणात पोहणारा, म्हणजे स्वतःला मोठा पोहणारा समजणारा. कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. लाट परतताना पायाखालची वाळू गेली आणि तो दिसेनासा झाला. दोन लाटांनंतर बाजूला वर आला. एका कोळ्याने ओढून बाहेर काढला. तो पोटात गेलेलं पाणी ओकत होता आणि आम्ही सगळे थरथरत होतो.

धरणाचं पाणी तुम्हाला ओढत नाही, समुद्राचं ओढतं. गणपतीपुळ्याचा उतार एकदम खोल जातो, तिथले लोक सांगून थकलेत, दर वर्षी कोणी ना कोणी जातंच. आरे-वारेलाही पोहायला उतरू नका. ओहोटी लागलेली असताना तर अजिबात नाही. चालायला ओहोटी चांगली, पोहायला वाईट, हे धाग्यात ठळक लिहा.


गणिताचेमास्तर

सातपूरकरांशी शंभर टक्के सहमत. मी लिहायला हवं होतं, राहिलं. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे थेट हातपाय मारू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं, प्रवाह अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की मग किनारा. आणि हे वाचलंय म्हणून प्रयोग करू नका.


इगतपुरीवाला

मूळ प्रश्न: नाशिकहून रत्नागिरीच का? डहाणू-बोर्डी किती जवळ आहे. त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड, डहाणू. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला समुद्र. घोलवडचे चिकू (२०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे त्यांना), सुरूची बनं, गर्दी कमी. आईंना बसायचंच होतं तर बोर्डी काय वाईट?


पाथर्डीफाटा

@इगतपुरीवाला, बोर्डी वाईट नाहीच. दोनदा गेलोय. पण बोर्डीला ओहोटीत समुद्र इतका लांब जातो की तो परत येईल की नाही अशी शंका येते. आणि आईला गाव हवं होतं. संध्याकाळी कंटाळा आला तर टिळक आळीत टिळकांचं जन्मघर बघून येता येतं, पतितपावन मंदिरात जाता येतं, बाजारात कोकमाचे भाव विचारता येतात. नुसता समुद्र आईला दोन दिवसांत जड झाला असता. पाच दिवस तो गावाबरोबर आला म्हणून निभला.


गणिताचेमास्तर

बोर्डीचं कारण: उत्तरेकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते, खंबातच्या आखातात तर प्रचंड. त्यात डहाणूकडचा किनारा फार सपाट. पाणी थोडं उतरलं तरी किनारा खूप उघडा पडतो.

अवांतर: ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटर. आपली गंगा तिकडे पाठ करून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. नाशिककराला समुद्राचं आकर्षण आहे ते यामुळेच असावं, नदीने हुकवलेलं आपण गाडीने गाठतो.


देवळालीचा_कॅम्पर

पतितपावनचा उल्लेख आला म्हणून. १९३१ साली सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने ते उभं राहिलं, सर्व जातींना खुलं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. आणि ते मूळचे आपल्या भगूरचे! भगूर-देवळालीकरांनी तरी तिथे जायलाच हवं. मी जाऊन आलो तेव्हा पुजाऱ्यांना भगूरहून आलो सांगितलं तर त्यांनी प्रसादाचे दोन पेढे जास्त दिले.

थिबा, सावरकर... इंग्रजांनी माणसांना अडकवून ठेवायला गाव मात्र सुंदर निवडलं.


दगडफोड्या

कोणी कातळशिल्पांचं नाव काढलं नाही? कोकणच्या सड्यांवर (उघड्या कातळाच्या पठारांवर) जांभ्यात कोरलेली प्रचंड चित्रं आहेत, हत्ती, मासे, माणसं, न कळणाऱ्या आकृत्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. रत्नागिरीहून उक्शीचा हत्ती सोयीचा. कशेळीला जाणार असाल तर तिथल्या सड्यावरचा हत्ती त्याहून कितीतरी मोठा आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी. कशेळीला कनकादित्याचं देऊळही आहे, सूर्याचं, आपल्याकडे दुर्मीळ.

सकाळी नऊच्या आत जा, नंतर सडा तव्यासारखा तापतो. पायताणं बाहेर काढा. रेषेवर पाणी ओतून फोटो काढायची टूम निघाली आहे, ती करू नका. तिरपं ऊन असलं की रेषा आपोआप उठून दिसतात.

पाथर्डीफाटा, तुमच्या आई चालल्या असत्या का सड्यावर?


पाथर्डीफाटा

@दगडफोड्या, चढ नसेल तर चालली असती. पण तिला विचारलं तर म्हणाली, हत्ती कुठे जात नाही, पुढच्या वेळी. म्हणजे पुढची वेळ आहे तर!


मखमलाबादची_मिरची

मी एकटी बाई, पंचावन्न वय, गुडघे ठीक. एकटीने जमेल का? आणि आरे-वारे पायी करता येतं का, की नुसतं गाडीतून बघायचं?


मांडवीकर_सिडकोत

@मखमलाबादची_मिरची, बिनधास्त जा. गावात वर्दळ असते. सुरूच्या बनात मात्र अंधार पडायच्या आत बाहेर.

आरे-वारे पायी करायचं तर असं: रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला जाणारी एसटी विचारून घ्या (काही गाड्या निवळी मार्गे जातात, त्यात बसलात तर समुद्र दिसणारच नाही). शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवी आणि मग आरे. आरेला उतरा. ओहोटीला त्या पुळणीने चालत टोकापर्यंत जा, मग रस्त्याने टेकडी चढा. वळणावर दोन्ही पुळणी एकदम दिसतात, मधे डोंगराची नाकाडी. सगळ्यांचे फोटो तिथलेच. लोक गाडी थांबवून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही पलीकडे उतरा, वारेची पुळण चाला, पुढे नेवऱ्याच्या रस्त्याला लागा आणि परतीची एसटी पकडा. उन्हाची टोपी, पाणी, आणि खडकाला वळसा घालायचा मोह टाळा. रस्ता आहे तर रस्त्याने.

नेवऱ्याहून पुढे गणपतीपुळे आणि मग मालगुंड, केशवसुतांचं गाव. स्मारक शांत आहे. पुळ्याच्या गर्दीतून तिथे गेलं की कान मोकळे होतात.


मखमलाबादची_मिरची

वाचनखूण साठवली. मार्चमध्ये जाते. कासवांच्या पिल्लांचं काही कळेल का?


नांदूरचा_पाणकावळा

मार्च योग्य. वेळासचं नाव सगळ्यांना माहीत, पण ते मंडणगड तालुक्यात, रत्नागिरीहून लांब. तुम्हाला पावसच्या पुढे गावखडी जवळ पडेल, तिथेही ऑलिव्ह रिडले घरटी करतात. पिल्लं कधी निघतील ते कासवालाच माहीत, आधी फोन करून चौकशी करा. निघाली नाहीत तरी पूर्णगड शेजारीच आहे, मुचकुंदीच्या मुखावरचा छोटासा किल्ला, अर्ध्या तासात बघून होतो. फिरून आल्यावर तटावर बसायचं.


सह्याद्रीवेडा

एक विचारायचं होतं. मंगलातून पानवलचा पूल दिसतो का? देशातल्या उंच रेल्वे पुलांपैकी एक, मुलाला दाखवायचाय.


मांडवीकर_सिडकोत

रत्नागिरीला उतरलात तर नाही. पूल स्टेशनच्या पुढे आहे, निवसरच्या वाटेवर. ६४ मीटर उंच. उतरायच्या आधी करबुड्याचा बोगदा मात्र लागतो, साडेसहा किलोमीटर. मुलाला सांगा, बोगदा सुरू झाला की एकपासून मोजायला लाग.

पण तुम्ही ट्रेनने? गाडीचं काय झालं?


सह्याद्रीवेडा

बायकोने हा धागा वाचलाय.


द्वारकासर्कल

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय. मास्तरांचं ऐकून पौर्णिमा धरून आलो. सध्या भाट्याच्या पुळणीवर बसून लिहितोय, रेंज एकच काडी आहे. बरोबर वडील, निवृत्त एसटी चालक. आयुष्यभर वेळापत्रक पाळलेला माणूस, त्यांना तिथीवर गाव फिरायचं म्हणजे पोरखेळ वाटला. आज साडेपाचला पाणी खरंच तळाला गेलं तेव्हा घड्याळ बघून म्हणाले, "पंधरा मिनिटं लेट आहे, पण चालेल."

गोळ्यावाले खेकडे सापडले. सूर्य खाली, मागे झाडांवरून चंद्र वर. वडील कुठल्या बाजूला तोंड करून बसावं या विचारात उभेच आहेत.

मास्तर, उद्या प्रतिपदा. पाऊणपट पाऊण. म्हणजे तुमची ती उडीवाली तिथी. किती वाजता निघू?


गणिताचेमास्तर

उडी सोडून द्या. आजच्यापेक्षा पाऊण तास पुढे धरा. ओहोटी सकाळी सहाच्या आसपास. उजाडता उजाडता पुळणीवर असा, आठनंतर पाणी भराभर चढायला लागेल.


मांडवीकर_सिडकोत

@द्वारकासर्कल, रिक्षा करू नका, पुलावरून चालत जा. त्या वेळी होड्या बाहेर पडत असतात. आणि परत यायच्या दिवशी मांडवीला आमच्या घरी डोकवा. आईने माझ्यासाठी सहा नारळ नि आमसुलं बांधून ठेवली आहेत, न्यायला कोणी नाही म्हणून पडून आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो. चहा घेतल्याशिवाय ती सोडणार नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा.